सोनेरी पाठीचा सुतार: फोटो कसा काढावा, जात कशी ओळखावी

सुतार पक्ष्याचा फोटो पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला की खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘नेमका कोणता?’ आणि फोटोत असते ती फक्त पाठ. झळझळीत, सोनेरी आणि ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी. महाराष्ट्र आणि गोवा मिळून सोनेरी पाठीचे चार सुतार आहेत, त्यामुळे नुसत्या सोन्यावरून जात ठरत नाही. ती ठरते गळा, मान, गालावरची ‘मिशी’ आणि शेपटीच्या अगदी वरची कंबर यांवरून. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधीच ठरवा की आधी ओळखीचे फोटो आणि मग देखणे.

आधी कान, मग डोळे

सगळ्यात सहज भेटतो तो सोनपाठी सुतार. शहरातल्या बागा, आमराया, रस्त्याकडेची जुनी झाडं त्याला चालतात. उडताना तो घोड्याच्या खिंकाळण्यासारखा कर्कश, थरथरता आवाज काढतो आणि पाहणाऱ्याला बहुतेक वेळा आधी तोच ऐकू येतो. खोडावरची सावकाश, तुटक ठकठक म्हणजे खाणं शोधणं. एकाच जागी, एका दमात वाजवलेला ताशा म्हणजे हद्दीची घोषणा. ठकठक ऐकू आली तर तो तिथे थोडा वेळ टिकेल असं समजा.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा. पानगळीच्या रानात खोडं उघडी पडतात आणि विणीचा हंगाम सुरू झाल्याने पक्षी बोलके असतात. वेळ सकाळची, ऊन तिरपं असेपर्यंत.

मागे धावू नका

सुतार साधारणपणे खोडाच्या खालच्या भागावर उतरतो, गोल गोल फिरत वर चढतो आणि मग उडून पुढच्या झाडावर पुन्हा खाली उतरतो. तुम्ही जवळ सरकलात की तो खोडाच्या मागे जातो. त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत बसलात तर हा खेळ तोच जिंकतो. त्याऐवजी सूर्य पाठीशी ठेवा, त्याच्या वाटेतलं पुढचं झाड हेरा आणि तिथून बाजूला उभे राहून थांबा. खोडाच्या थेट समोरून पाठ मिळते. बाजूने चेहरा, चोच आणि खोडाला टेकवलेली ताठ शेपटी, सगळं एका चौकटीत येतं.

कॅमेऱ्याची मांडणी

३०० ते ६०० मिमीची लेन्स असेल तर उत्तम. चोच मारताना डोकं इतक्या वेगाने हलतं की शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी ठेवला तर चेहरा पुसट येतो. उड्डाणासाठी १/२००० किंवा त्याहून जलद ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी. फोटोत थोडे दाणे चालतात, धूसर चेहरा चालत नाही. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा, कारण खडबडीत सालीवर कॅमेरा हमखास फसतो. उन्हात गालावरचा पांढरा भाग फटफटीत होतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी करा. पक्षी उजळ आकाशासमोर असेल तर उलट, एक स्टॉप वाढवा.

आता क्रम. पहिली चौकट कशीही आली तरी घ्या. मग चेहरा आणि गळा. तो वळला की मानेची मागची बाजू. आणि शेवटी, तो उडायच्या बेतात दिसला की बर्स्ट (एका दमात सलग फोटो) चालू करा. खोडावर बसलेल्या सुताराची कंबर मिटलेल्या पंखांखाली झाकलेली असते, ती उडतानाच नीट दिसते.

मोबाइलच असेल तर तो दुर्बिणीच्या भिंगाला लावून व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातून चौकटी काढा. ओळखीपुरतं काम छान होतं, शिवाय आवाजही नोंदला जातो.

ओळख: चार प्रश्न

*गळा कसा आहे?* काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके असतील तर तो सोनपाठी सुतार. बाकी तिघांचे गळे पांढरट, त्यावर काळ्या रेघा. मला विचाराल तर एवढा एक फोटो मिळाला तरी पुष्कळ झालं.

*मानेची मागची बाजू?* गळा पांढरट पण मान मागून काळी असेल, तर तो तीन बोटांचा सोनेरी सुतार. त्याच्या पायाला खरोखरच तीन बोटं असतात, सोनपाठीला चार. मान पांढरी असेल तर उरतात दोघे: सह्याद्रीच्या दाट रानातला मोठा मलबारी सुतार आणि पानझडी रानातला पांढऱ्या मानेचा सुतार. दुसऱ्याचा पांढरा रंग मानेवर थांबत नाही, पाठीवर उतरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळा रंग इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो.

*मिशी एक की दोन?* तीन बोटांच्या सुताराला एकच जाड काळी रेघ. मलबारी सुताराची रेघ दुभंगते आणि मधे पांढरा लंबगोल राहतो. त्याचा डोळाही फिकट असतो आणि चोच जवळजवळ डोक्याइतकी लांब.

*कंबर?* मलबारी आणि तीन बोटांच्या सुताराची लाल, सोनपाठी आणि पांढऱ्या मानेच्या सुताराची काळी.

तुऱ्याच्या लाल रंगावर जाऊ नका. चारही जातींत संपूर्ण लाल माथा नराचा. मादीचा माथा मात्र उपयोगी पडतो. सोनपाठीच्या मादीचं कपाळ काळं-ठिपकेदार आणि तुरा मागे लाल. पांढऱ्या मानेच्या मादीचा माथा चक्क पिवळा. उरलेल्या दोघींचा काळा, त्यावर पांढऱ्या खुणा.

ठिकाणाचाही आधार घ्या. ताडोबा, मेळघाटात पांढऱ्या मानेचा शोधा. आंबोली किंवा गोव्यातल्या मोले, बोंडला इथे लाल कंबर दिसली तर मिशी नीट तपासा. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत दिसलेला बहुधा सोनपाठीच.

पाठीची छटा बदलते, त्याने गोंधळू नका. संध्याकाळच्या उन्हात सोनेरी पाठ नारिंगी दिसते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या सोनपाठीची पाठ तर जराशी हिरवट असते. या उपजातीला पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांच्या पत्नी तेहमिना यांचं नाव दिलं आहे. तेव्हा फोटो एडिट करताना रंग गडद करण्याचा मोह आवरा, नाहीतर उरलासुरला पुरावाही जातो.

ढोली दिसली तर

एखाद-दोन फोटो लांबूनच काढा आणि निघा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, फ्लॅश मारू नका, ढोलीचं ठिकाण पोस्ट करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं, हे हौशी फोटोग्राफरांना बहुधा ठाऊकच नसतं.

नोंद करताना

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायला देखणा फोटो नको, गळा-मान-कंबर दाखवणारा हवा, तो धूसर असला तरी. ठिकाण, वेळ, झाड आणि आवाज दोन ओळींत लिहा. जात ठरत नसेल तर ताणून नाव देऊ नका. नुसत्या गटाची नोंद करायची सोय तिथे आहे, ती वापरा.