थंडीतला गळ: ऊन चढल्यावर नदीवर जा

थंडी पडली की आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यातली पोरं अंधारातच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर जाऊन बसतात. आठ-साडेआठला कुडकुडत परत येतात आणि म्हणतात, "काका, नदीत मासाच न्हाई राहिला." मासा आहे रे बाबांनो. तुम्ही त्याच्या आधी उठून गेलाय, एवढंच.

उन्हाळ्यात पहाटेची वेळ चांगली, हे खरं. पण डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा 14-15 अंशांवर उतरतो आणि दुपारी 28-29 पर्यंत चढतो. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते, उगाच पळापळ तो करत नाही. चिलापी तर पाणी 16-17 अंशांखाली गेलं की खायचंच सोडते. रोहू-कटल्याला 25 च्या वरचं पाणी मानवतं. आपली पंचगंगा एवढी गारठत नाही, पण काठालगतचं उथळ पाणी रात्रीत चांगलंच थंड होतं, आणि ऊन लागल्यावर तेच सगळ्यात आधी तापतं. म्हणून हिवाळ्यात गळ टाकायची वेळ सकाळी दहा ते दुपारी चार. घरचं आवरून, न्याहारी करून निवांत निघा.

हल्ली मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून पोरं खोल डोहात गळ सोडतात. तिथं तळ्यावर बर्फ धरतं. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळं वर बर्फ असलं तरी तळाला त्यातल्या त्यात उबदार पाणी उरतं आणि बास खाली जाऊन बसतो. ते लोक खोलात, अगदी सावकाश आमिष ओढतात ते त्यासाठी. त्यांच्याकडून सावकाशपणा तेवढा घ्या. आपल्याकडं मासा दुपारी उन्हाला वर येतो, त्याला तिथंच गाठायचं.

जागा निवडताना सूर्य बघा. हिवाळ्यात तो दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळं दक्षिण काठाच्या झाडांची सावली पाण्यावर लांबवर पडते. शहर दक्षिण काठाला आहे. म्हणून मी शिवाजी पूल ओलांडून वडणगे-आंबेवाडीच्या बाजूला जातो. तिकडच्या काठाला दिवसभर ऊन असतं. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, कडेला केंदाळ (जलपर्णी) साचतं. त्याची उन्हाकडची कड, जिथं पाणी कमरेपेक्षा कमी आहे, ती मरळीची जागा.

मरळीवर माझा जीव आहे, तेव्हा तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. मरळ हवा घ्यायला वर येते. केंदाळाच्या फटीत हळूच तोंड दिसतं, 'गुळुक' असा बारीक आवाज होतो आणि पाण्यावर एक गोल उठून विरतो. थंडीत तिला हवा कमी लागते, त्यामुळं दोन वेळा वर येण्यातलं अंतर वाढतं. काठावर काठी खाली ठेवून आधी नुसतं बसा. गोल दिसला की रबरी बेडूक त्याच्या डोक्यावर टाकू नका, चार-पाच फूट पलीकडं टाका. केंदाळावरून हळू ओढत आणा आणि मोकळ्या पाण्याची फट आली की थांबवा. उन्हाळ्यात पाचपर्यंत मोजेस्तोवर थांबतो, थंडीत पंधरापर्यंत थांबा. मग बोटभर हलवा, पुन्हा थांबा. तिनं झडप घातली की लगेच हिसका देऊ नका. बेडूक पाण्याखाली गेला, दोरी ताणली, मग काठी उचला. मरळीला दात असतात आणि ती केंदाळात घुसते, म्हणून इथं साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, नको, विणलेली जाड दोरीच हवी.

रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांचा मामला वेगळा. त्यातही सायप्रिनस थंड मुलखातला, तो गारठ्यातही बऱ्यापैकी खातो, म्हणून नवख्यानं त्याच्यापासून सुरुवात करावी. तंगूस बारीक घ्या, पाव मिलिमीटरचा पुरे. थंडीत तंगूस ताठरतो आणि रिळावरच्या वेटोळ्यांचा आकार धरून ठेवतो, तेव्हा आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून ताणून घ्या. गळ लहान, शिसं कमी. आम्ही उद्यमनगरातल्या ओतकामाच्या कारखान्यांतली माणसं, शिशाचे मणी घरीच ओतून घेतो, पण बाजारातला बारीक मणीही चालतो.

आमिषाला गांडूळ उत्तम. थंडीत ती खोल जातात, शेताच्या बांधावर खणत बसू नका. जुन्या शेणखताच्या ढिगाखाली ऊब असते, तिथं मिळतात. कणकेची गोळी हरभऱ्याएवढीच करा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेवा, उघड्यावर गारठून ती घट्ट होते. शेंगदाण्याची पेंड पाण्यात टाकायची तर मूठभर. भूक कमी असते, जास्त टाकलीत तर मासा तीच खाऊन जातो आणि गळाकडं बघतही नाही.

नजर मात्र तरंग्यावरून हलवू नका. थंडीतला मासा तरंगा गपकन बुडवत नाही. दोन बोटं बाजूला सरकतो, नाहीतर आडवा पडतो. आडवा पडला म्हणजे माशानं आमिष तळावरून उचललंय. तेवढ्यावरच काठी उचलायची.

स्वेटर-कानटोपी सगळेच घालतात, पाय मात्र विसरतात. ओले मोजे घालून चार तास बसवत नाही, पिशवीत एक कोरडा जोड ठेवा. बंधाऱ्याच्या शेवाळावर उभं राहू नका आणि बरग्यांतून पाणी जोरात सुटत असेल तिथं तर जवळही जाऊ नका.

पाणी काळपट दिसत असेल, वास मारत असेल, मासे वर येऊन तोंडं उघडत असतील, तर गळ गुंडाळा आणि घरी या. ते मासे खायचे नाहीत. त्यांना पाण्यात प्राणवायू पुरत नसतो. आपल्या नदीवर अशी वेळ वारंवार येते आणि दरवेळी जीव तुटतो.

तलावावर जायचं तर आधी चौकशी करा. बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडं असतो, त्यांची परवानगी घ्या. राधानगरी अभयारण्यात गळ घेऊन जाऊच नका. मरळ पावसाळ्यात पिल्लं सांभाळते, तेव्हा तिला हात लावायचा नाही. थंडीत धरायला हरकत नाही, पण वीतभर निघाली तर हात ओले करून धरा, गळ काढा आणि उथळात सोडा.