रिनोव्हेशनमध्ये अडकलेले पैसे कर्जातून सोडवायचे असतील तर

पुण्या-ठाण्यात जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यायचा, आतून नवा करून भाड्याने द्यायचा आणि त्याच फ्लॅटवर वाढीव कर्ज काढून घातलेले पैसे मोकळे करायचे. बेत चांगला आहे, पण तो बहुतेक वेळा मूल्यांकनाशी अडतो. बँकेचा व्हॅल्युअर क्षेत्रफळ, आसपासचे व्यवहार, इमारतीचं वय आणि तिचं उरलेलं आयुष्य बघतो. मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगचं कौतुक भाडेकरूला. म्हणून पहिली तयारी आकडेमोडीची, आणि तीही कंत्राटदाराला ॲडव्हान्स देण्याआधी.

समजा फ्लॅट ६० लाखांचा, गृहकर्ज ४१ लाख बाकी, कामाला ८ लाख गेले. तुमच्या मते आता किंमत ७२ लाख. व्हॅल्युअर ६४ वर थांबला. मालमत्ता तारण कर्जासाठी बँक ६५ टक्के धरत असेल तर मर्यादा ४१ लाख ६० हजार. जुनं कर्ज फिटून उरले साठ हजार, आणि त्यातूनच प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, तारणाची स्टॅम्प ड्यूटी. त्यामुळे आधी चालू गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव रक्कम, मिळतो का, ते विचारा. काम सुरूच झालं नसेल तर कंत्राटदाराचं इस्टिमेट घेऊन गृहसुधार कर्ज मागणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. खरेदीत काही रक्कम रोखीने दिली असेल, तर करारात नसलेला तो पैसा बँकेच्या हिशेबात कधीच येणार नाही.

भाड्याचंही तसंच. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. भाडं खात्यात जमा होऊ दे आणि रिटर्नमध्ये दिसू दे. रोख भाडं बँकेसाठी उत्पन्न नव्हे. दहा लाखांचं वाढीव कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १०,४४० रुपये होतो. तो जुन्या हप्त्यात मिळवा आणि फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर काय, तेही बघा. टाइल्स क्रेडिट कार्डावर घेतल्या असतील तर अर्जाआधी ती थकबाकी संपवा.

फाइलमध्ये इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि तुमच्या नावावर झालेलं शेअर सर्टिफिकेट ठेवा. नावावर करून घ्यायला सोसायटीची कमिटी वेळ लावते, तेव्हा हे काम सगळ्यात आधी. ना हरकत पत्रासाठी थकबाकी शून्य हवी. भाडेकरू ठेवल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. जास्त लावलं असेल तर तो वाद अर्जाच्या आधी मिटवा.

बाल्कनी आत घेतली किंवा भिंत पाडली असेल तर मंजूर नकाशाची प्रत आणि परवानगी शोधा. नकाशाशी न जुळणाऱ्या कामाने किंमत वाढायची राहिली दूर, प्रकरणच अडकतं. कामाची जीएसटी बिलं जपा. व्हॅल्युअरला ती दाखवाच, पण विक्रीच्या वेळी भांडवली नफ्याच्या हिशेबात त्यांचा उपयोग अधिक.

आणि व्हॅल्युअर येणार त्या दिवसाची कल्पना भाडेकरूला आधी द्या. कुलूप बघून तो परत गेला की पुन्हा तारीख मिळेपर्यंत फाइल तिथेच थांबते.