लोड चाळीस आणि सीपीयू निवांत

वेब सर्व्हरची जबाबदारी नुकतीच ज्यांच्या अंगावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. टर्मिनलवर वावरता येतं, सर्व्हिस चालू-बंद करता येते, लॉग कुठे सापडतात ते ठाऊक आहे, एवढं गृहीत धरलंय. ‘साइट रखडलीय, लोड बघ’ असा मेसेज आला की पोटात गोळा येतोच. मला अजूनही येतो, त्यामुळे त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त त्या गोळ्यासकट पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, ते आधीच ठरलेलं असू द्या.

काय करायचं नाही ते आधी सांगते. रिस्टार्ट करायचं नाही. रिस्टार्टने पुरावा जातो, आणि कारण तिथेच असेल तर तासाभरात तेच पुन्हा समोर येतं. ‘रिस्टार्ट केलं, सुटलं’ म्हणणाऱ्या माणसाने काहीही सोडवलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आता हेही खरं की लोक खोळंबलेले असतात, वरून फोन येत असतात, आणि कधीकधी रिस्टार्टशिवाय इलाज नसतो. मग करा, पण त्याआधी दोन मिनिटं काढून प्रोसेसची यादी, व्हीएमस्टॅटच्या (सीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आकडे दर सेकंदाला दाखवू शकणारी कमांड) दहा-पंधरा ओळी आणि डेटाबेसमध्ये त्या क्षणी चालू असलेल्या क्वेरी फाइलमध्ये उतरवून ठेवा. नंतर डोकं शांत झालं की त्याच फाइलवर काम करायचंय.

आता लोडचे, म्हणजे अपटाइम किंवा टॉप या कमांडच्या वरच्या ओळीत दिसणारे, ते तीन आकडे. एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती साधी सरासरी नसते, जुनी नोंद हळूहळू विरत जाते. रिकाम्या मशीनवर अचानक दहाचा स्थिर लोड आला, तर एक मिनिटाचा आकडा मिनिटभरानंतर साधारण 6.3 दाखवतो. उतरतानाही तसंच. म्हणून पहिला आकडा तिसऱ्याहून मोठा असेल तर संकट चढतंय आणि लहान असेल तर ओसरतंय, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ झालं. सोबत कोअर किती ते बघा. सोळा कोअरच्या मशीनवर बाराचा लोड म्हणजे काहीच नाही, दोन कोअरवर तोच घाम फोडतो.

आणि आता ज्यात मी चांगलीच अडकले होते तो सापळा. तो लांबवून सांगणार आहे, कारण शिकवणारे तो एका वाक्यात उरकतात.

आठ कोअरचं मशीन होतं, लोड चाळीसच्या आसपास. टॉप उघडलं तर सीपीयू बहुतांश रिकामा. मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि टॉपवर ठेवला नाही, कारण लोड म्हणजे सीपीयूवरचं ओझं हे डोक्यात घट्ट बसलेलं होतं. इतर प्रणालींमध्ये ते बरंचसं खरंही आहे. लोड अ‍ॅव्हरेज ही कल्पना लिनक्सपेक्षा बरीच जुनी आहे. 1973 च्या एका आरएफसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवाल्यांच्या तांत्रिक टिपणात, टेनेक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे लोडचे आकडे सापडतात, आणि तिथे त्यांचा अर्थ सीपीयूची मागणी असाच होता. लिनक्सने 1993 मध्ये एका पॅचने, म्हणजे कोडमधल्या छोट्या बदलाने, हा अर्थ बदलला. त्यामागचा विचार साधा होता. स्वॅपची, म्हणजे मेमरी कमी पडली की तिच्याऐवजी वापरली जाणारी, डिस्क संथ असली की मशीन रडतं, पण प्रोसेस डिस्कची वाट बघत अडकल्यामुळे सीपीयूच्या रांगेत कुणीच उरत नाही आणि लोड उलट कमी दिसतो. ते पटण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून लिनक्सच्या लोडमध्ये दोन प्रकारची मंडळी मोजली जातात. एक, सीपीयूवर असलेली किंवा त्यासाठी रांगेत उभी असलेली. दोन, डी अवस्थेतली, म्हणजे सहसा डिस्क किंवा स्टोरेजच्या उत्तरासाठी थांबलेली आणि मधेच न उठवता येणारी.

याचा अर्थ असा की लोड चाळीस आणि सीपीयू रिकामा यात विसंगती काहीच नाही. पीएस या कमांडने मिळणाऱ्या प्रोसेसच्या यादीत अवस्थेचा रकाना घ्या आणि डी असलेल्या ओळी वेगळ्या काढा. माझ्याकडे वेब सर्व्हरच्या वर्करची, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसची, रांगच्या रांग डीमध्ये होती. अपलोड केलेल्या फाइली एनएफएसवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या डिस्कवरून येत होत्या आणि ते स्टोरेज धापा टाकत होतं. गंमत म्हणजे डिस्कचे आकडे देणारं आयओस्टॅट अगदी स्वच्छ, कारण ते फक्त याच मशीनच्या डिस्क दाखवतं. एनएफएससाठी एनएफएसआयओस्टॅट हे वेगळं हत्यार आहे. आणखी एक खूण म्हणजे डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ चालवलं की तेच लटकतं. तसं झालं तर सरळ माउंट केलेल्या डिरेक्टऱ्यांकडे बघा. पीएसमध्ये डब्ल्यूचॅन हा रकाना मागितला तर कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, कुठल्या फंक्शनपाशी प्रोसेस थांबलीय ते कळतं, आणि त्या नावात एनएफएस दिसलं की शोध निम्मा संपतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांमध्ये, ‘120 सेकंदांहून जास्त काळ अडकलेली’ अशा अर्थाची ओळ आली असेल, तर तीही हेच सांगते.

अशा वेळी नवखा माणूस हमखास जे करतो ते म्हणजे वर्कर वाढवणं. रांग लागली ना, मग खिडक्या वाढवा! पण अडलेलं असतं आतल्या गोदामात, खिडकीवर नव्हे. प्रत्येक नवा वर्कर जाऊन त्याच जागी अडकतो, लोड आणखी चढतो आणि मेमरी वेगळीच जाते. पीएचपीचा कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमची वर्करमर्यादा मेमरीवरून ठरवायची असते. आठ जीबीच्या मशीनवर डेटाबेस आणि बाकीच्यांना दोन जीबी सोडले आणि एक वर्कर 80 एमबी घेत असेल, तर पंचाहत्तरच्या आसपास थांबायचं. कुठूनतरी उचललेला दोनशेचा आकडा टाकलात तर मशीन स्वॅपमध्ये जाईल. मग व्हीएमस्टॅटमधले स्वॅपचे दोन रकाने, आत-बाहेरचे, सतत हलताना दिसतील आणि तुमच्याकडे एकाऐवजी दोन आजार असतील.

व्हीएमस्टॅटची पहिली ओळ मात्र वाचू नका. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दुसरीपासून बघा. आर हा रकाना सीपीयूसाठीची रांग सांगतो, बी हा अडकलेल्यांचा. आर सतत कोअरपेक्षा जास्त तर सीपीयूकडे वळा, बी फुगलेला तर स्टोरेजकडे. डब्ल्यूए, म्हणजे आयओसाठीच्या (डिस्कवरच्या वाचन-लेखनासाठीच्या) प्रतीक्षेचा टक्का, एकट्याने पुरावा धरू नका. तो मुळात सीपीयूचा रिकामा वेळच असतो, त्या वेळात कुणीतरी आयओची वाट बघत होतं एवढंच. शेजारी सीपीयू खाणारं दुसरं काम सुरू झालं की हा टक्का घसरतो, आणि डिस्क मात्र तितकीच त्रासलेली असते. आयओस्टॅटमधला वापराचा टक्काही एसएसडीवर फसवतो. ती एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते, त्यामुळे शंभर टक्के दिसलं म्हणजे क्षमता संपली असं नाही. तिथे प्रत्येक मागणीला लागणारा वेळ बघा.

एवढं वाचून लोडचा आकडा सर्वज्ञ वाटू लागला असेल, तर उलट बाजूही ऐका. साइट पूर्ण ठप्प आणि लोड जेमतेम 0.5, असंही होतं. वर्कर बाहेरच्या कुठल्या एपीआयच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सेवेच्या, किंवा दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसच्या उत्तरासाठी नेटवर्कवर थांबले असतील, तर ती साधी झोप असते. ती लोडमध्ये मोजलीच जात नाही. सगळे वर्कर असे बसलेले, नवी विनंती दारात, आणि अलार्म मात्र गप्प. पीएचपी-एफपीएमचं स्टेटस पान त्यातल्या रांगेच्या आकड्यासाठी चालू ठेवा, त्याचाच स्लोलॉग, म्हणजे रखडलेल्या विनंत्यांची नोंद, चालू करा. कोड नेमका कुठल्या ओळीवर थांबला ते स्लोलॉगमध्ये सरळ दिसतं. माझ्या मते हे सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे.

सीपीयू खरंच जळत असेल तर काम तुलनेने सोपं, म्हणून थोडक्यात. अ‍ॅक्सेस लॉगमधून गेल्या दहा मिनिटांत कुठल्या पत्त्यावर आणि कुठून जास्त विनंत्या आल्या ते मोजा. बरेचदा एखादा बॉट शोधाच्या पानावर तुटून पडलेला असतो. डेटाबेस सीपीयू खात असेल तर चालू क्वेरींची यादी, मग एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते सांगणारी कमांड), मग हरवलेला इंडेक्स. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो आणि त्याची मर्यादा दहा सेकंदांची असते. वेबसाठी ती फार ढिली आहे, एक सेकंदावर आणा. व्हर्च्युअल मशीनवर एसटी हा रकाना चढलेला दिसला तर तुमचा कोड कदाचित निर्दोष आहे, खालचं खरं मशीन तुमचा वाटा दुसऱ्याला देतंय. लोड रोज ठरावीक मिनिटाला चढत असेल तर आधी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, आणि बॅकअप बघा. तिथे डिटेक्टिव्हगिरी नको.

गुरूंबद्दल एक बोलू का? कमांडची यादी हातात ठेवणारे खूप भेटतात. मला उपयोगी पडल्या त्या बाई यादी द्यायच्याच नाहीत. मी ‘डिस्क स्लो आहे’ म्हटलं की त्या फक्त विचारायच्या, ‘कशावरून?’ तेव्हा भयंकर राग यायचा. पण आता कुठलीही सेटिंग बदलण्याआधी तो प्रश्न आपोआप मनात येतो, आणि निम्म्या वेळा माझ्याकडे उत्तर नसतं. मग हात मागे घ्यायचा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वेळेसकट लिहून ठेवायचा. घाईत तीन सेटिंग बदलल्या आणि साइट सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

अनुभव नाही म्हणून घाबरू नका. हे काम हुशारीपेक्षा तयारीचं जास्त आहे, आणि तयारी शांत दिवशी करता येते. इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळ लिहिला जात नाही, तो रकाना आजच जोडा. कर्नल 4.20 किंवा त्यानंतरचा असेल तर प्रॉक खालच्या प्रेशर डिरेक्टरीत सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा तीन फाइली मिळतात. कामं कशासाठी किती टक्के वेळ खोळंबली ते त्या वेगवेगळं सांगतात, म्हणजे लोड जे एका आकड्यात कालवून टाकतो ते इथे सुटं मिळतं. काही डिस्ट्रिब्युशनवर हे बूटच्या वेळी पर्याय देऊन चालू करावं लागतं. आणि सिसस्टॅट बसवाच, ते मशीनचे आकडे ठरावीक वेळाने नोंदवून ठेवतं. अलार्म वाजून तुम्ही लॉगिन करेपर्यंत लोड उतरलेला असतो, तेव्हा मागचे आकडे त्यातल्या सार (sar) या कमांडमधूनच काढावे लागतात. त्याची नोंद सहसा दर दहा मिनिटांनी होते, ती एका मिनिटावर आणा. नुसतं इन्स्टॉल करून काही ठिकाणी नोंद सुरू होत नाही, ती वेगळी चालू करावी लागते. दुसऱ्या दिवशी सार चालवून आकडे खरंच साठताहेत ना, ते बघून घ्या.