वॉरिक विद्यापीठ वॉरिकमध्ये नाही

एप्रिल उजाडला की ब्रिटनमध्ये शिकायला येऊ पाहणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "ताई, ऑफर आलीये, पण रसेल ग्रुपमधलं नाहीये. येऊ की नको?"

आधी विद्यापीठांच्या या गटाचं नाव कुठून आलं ते ऐका. १९९४ साली संशोधनावर भर असलेल्या सतरा विद्यापीठांचे प्रमुख लंडनच्या हॉटेल रसेलमध्ये जमायचे, म्हणून रसेल. आज सभासद चोवीस आहेत. सरकारदरबारी या विद्यापीठांची बाजू मांडणं, हे या गटाचं मुख्य काम. सेंट अँड्र्यूज, बाथ, लँकेस्टर त्यात नाहीत, आणि त्यांना कोणी दुय्यम म्हणत नाही.

संशोधनाचा दर्जा बघायचाच असेल तर 'आरईएफ २०२१'चे, म्हणजे ब्रिटिश विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनाचे, निकाल उघडा. त्यात विषयवार गुण आहेत, चार तारे म्हणजे जागतिक तोडीचं काम. अख्ख्या विद्यापीठाचा क्रमांक विसरा, आपला विषय तेवढा बघा. मात्र ते तारे प्राध्यापकांच्या संशोधनाचे, तुमच्या तासाचे नव्हेत. शिकवण्यासाठी इंग्लंडमध्ये 'टीईएफ' हे मूल्यमापन वेगळं आहे, तेही पदवीपुरतं. २०२३ मध्ये रसेल ग्रुपमधल्या अनेकांना त्यात सुवर्ण नव्हे, रौप्य मिळालं.

एमएस्सीला येत असाल तर अभ्यासक्रम एका वर्षाचा. सप्टेंबरात आलात की नाताळपर्यंत कसंबसं रुळायचं आणि उन्हाळ्यात प्रबंध. एवढ्यात नावाजलेल्या प्रयोगशाळेचा वारा तरी लागेल का, हे विभागाला ईमेल करून विचारा. प्रबंधाचे मार्गदर्शक कोण, एकाकडे किती विद्यार्थी, हेही बिनधास्त विचारा. इथे त्याला कोणी आगाऊपणा समजत नाही.

पीएचडीचं गणितच निराळं. तिथे विद्यापीठ नंतर, माणूस आधी. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यातलं बरंच पटलं नव्हतं, तरी १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला तेव्हा प्रस्तावना त्यांनीच लिहिली. असा मार्गदर्शक मिळाला तर गावाचं नाव काहीही असो, जा.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसासाठी (शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करू देणारा व्हिसा) अर्ज करणाऱ्या एमएस्सीवाल्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळतील. पीएचडीला तीन वर्षं कायम आहेत. जोडीदाराला सोबत आणायचं असेल तर २०२४ पासून साध्या एमएस्सीवर ते जमत नाही.

आणि हो, खोली ठरवण्याआधी नकाशा बघा. वॉरिक विद्यापीठ कॉव्हेंट्रीच्या कडेला आहे. मी नावावर विश्वास ठेवून वॉरिक गावात खोली घेतली आणि वर्षभर बसची वाट बघत भिजले.