एअर अँब्युलन्समध्ये नर्स व्हायचंय? मग आधी जमिनीवरचं ऐका

गेल्या महिनाभरात नर्सिंगच्या चार-पाच पोरींनी एकच प्रश्न विचारला, ताई विमानातली ड्युटी कशी मिळते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी मूळची चंदगड तालुक्यातली, बीएस्सी नर्सिंग कोल्हापुरात केलं, मग इथल्याच एका हॉस्पिटलच्या आयसीयूत ५ वर्षं आणि नंतर मुंबईतल्या एका एअर अँब्युलन्स कंपनीत ४ वर्षं फ्लाइट नर्स. कोल्हापूर, सांगली, बेळगाव बाजूचा कॉल आला की बऱ्याचदा मलाच पाठवायचे कारण घरच्यांशी आपल्या बोलीत बोलता यायचं.

कोल्हापूर ते मुंबई विमान हवेत असतं साधारण तासभर. त्याच्या आधीचे पाच-सहा तास जमिनीवरचे असतात आणि पेशंटचं काय होणार ते बहुतेक तिथंच ठरतं, हे मला विमानात बसायच्या आधीच कळलं होतं.

जुलै महिना होता, मी अजून हॉस्पिटलच्या बाजूलाच होते. गगनबावड्याकडचे एक काका, मेंदूत रक्तस्राव, व्हेंटिलेटरवर. त्यांना उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, विमानाच्या टीमच्या ताब्यात द्यायचं एवढंच आमचं काम. पाऊस असा की वायपर लावून समोरचं दिसेना. पोचलो तर कळलं ढग फार खाली आलेत, विमान उतरू शकत नाही, वर घिरट्या घालतंय, थांबा. थांबलो. गाडीत एकच मोठा सिलिंडर चालू, १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा, दाबाचा काटा १५० बारला असतो तेव्हा त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन बसतो, आणि आमचं चाललं होतं मिनिटाला १० लिटर. म्हणजे पूर्ण भरलेला असला तरी अडीच तास. आमचा निघतानाच भरलेला नव्हता. मी काट्याकडं बघत बसले, ८०, ७०, ६०. ५० ला आला तेव्हा गाडीतल्या डॉक्टर सरांना म्हटलं सर आता ५० मिनिटं राहिलीत आणि परत जायला या पावसात ३० तरी लागतील. सरांनी एक सेकंद माझ्याकडं बघितलं आणि ड्रायव्हर मामांना म्हणाले, मामा वळवा गाडी. विमान त्या दिवशी दुसरीकडं गेलं, आम्ही कॅज्युअल्टीच्या दारात पोचलो तेव्हा काटा २० च्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली आणि काका गेले मुंबईला.

तेव्हापासून माझा नियम, येणाऱ्या विमानाचा हिशेब सगळेच करतात, न येणाऱ्या विमानाचाही करायचा. काट्यावरचा बारमधला आकडा गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता म्हणजे शिल्लक लिटर, त्याला मिनिटाच्या फ्लोनं भागा, आणि जे उत्तर येईल त्यातलं निम्मंच आपलं समजा. हे पाठ करा, इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून नाही, रात्री २ वाजता कॅल्क्युलेटर सापडत नाही म्हणून.

आता वर गेल्यावर काय होतं ते. विमानाच्या केबिनमधली हवा जमिनीसारखी नसते, बहुतेक वेळा ६ ते ८ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखा दाब असतो. त्यानं दोन गोष्टी होतात. ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणजे खाली सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९२ टक्क्यांवर रडत-रखडत टिकलेला पेशंट वर गेला की घसरणार हे धरूनच चालायचं. आणि शरीरात कुठंही कोंडलेली हवा फुगते, ८ हजार फुटांना साधारण सव्वापट ते १.३ पट. ऐकायला थोडं वाटतं ना?

उसाच्या सीझनमधली गोष्ट. २३-२४ वर्षांचा पोरगा, ट्रॉलीखाली आलेला, डाव्या बाजूच्या तीन-चार बरगड्या मोडलेल्या, एक्स-रेत फुप्फुसाबाहेर हवेची बारीकशी फट. खाली बेडवर अगदी व्यवस्थित बोलत होता. घरच्यांना घाई, विमान उभं आहे, एअरपोर्टची वेळ चाललीय, आणि फोनवरून सांगणारा माणूस म्हणतोय एवढ्याशा हवेला कशाला नळी टाकता, उगं तासभर जाईल. आमच्या डॉक्टरांनी ऐकलं नाही. छातीत नळी टाकली, ती नेहमीच्या पाण्याच्या बाटलीला न जोडता एकाच दिशेनं हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला आणि पिशवीला जोडली, कारण बाटली विमानात कलंडते. मगच निघालो. वर गेल्यावर मी त्या व्हॉल्व्हवर बोट ठेवून बसले होते, प्रत्येक श्वासाला तो फडफडत होता, बोटाला कळत होतं. ती हवा बाहेर पडायला वाट नसती तर तिनं फुप्फुस दाबलं असतं, आणि अरुंद केबिनमध्ये इंजिनाच्या आवाजात तुम्हाला स्टेथोस्कोपनं कप्पाळ काही ऐकू येत नाही. म्हणून तासभर गेला तर जाऊ दे, जे करायचं ते खाली करून घ्या. घशातल्या ट्यूबला जो छोटा फुगा असतो, ज्याला कफ म्हणतात, त्याचंही तेच, हवा भरलेली असेल तर वर जाताना फुगते आणि उतरताना बसते, दोन्ही वेळा कफचा दाब मोजायचा, २० ते ३० सेंटिमीटर पाणी (दाब याच मापात मोजतात) एवढाच असायला पाहिजे.

अजून एक साधी गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. छोट्या विमानात स्ट्रेचर एका भिंतीला चिकटून असतो, पेशंटची एकच बाजू तुमच्या हाताला लागते. सलाइनची लाइन भिंतीकडच्या हाताला असली तर तुम्ही पूर्ण फ्लाइटभर पेशंटच्या अंगावरून वाकत राहणार. म्हणून पायलटला आधीच विचारा स्ट्रेचर कुठल्या बाजूला आहे, आणि चालू दोन लाइन मोकळ्या बाजूच्या हाताला घ्या. युरिन बॅग रिकामी, पंपांची बॅटरी फुल, सगळ्या नळ्या टेपनं पक्क्या. आणि स्वतः काहीतरी खाऊन निघा, उपाशी पोटी उलट्या होतात.

हेलिकॉप्टर असेल तर पायलटनं हात केल्याशिवाय जवळ जायचं नाही, जायचं ते समोरून, त्याला दिसेल असं, मागच्या पंख्याकडं कध्धीच नाही, आणि ओढणी, टोपी, चादर काही सुटं नको. शाळेच्या ग्राउंडवर उतरणार असेल तर आधी पाणी मारून घ्यायला सांगा, नाहीतर धुळीत कुणाला काही दिसत नाही.

आता थोडं कडू बोलते. दुर्गम भाग म्हटलं की सगळ्यांना विमानच आठवतं. मी धनगरवाड्यांच्या बाजूनं वाढलेय. भात लावणीत साप चावला तर त्या माणसाला विमान नको असतं, जवळच्या ग्रामीण रुग्णालयातली अँटी स्नेक व्हेनम पाहिजे असते, आणि मण्यार किंवा नाग असेल तर श्वास थांबत आल्यावर अँबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देायची पिशवी, दाबणारा एक जण पाहिजे असतो. १०८ ची गाडी आपल्याकडं २०१४ पासून आहे, ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ अॅडव्हान्स्ड. पण वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत पेशंट डोलीत घालून आणायला लागतो तिथं खरा वेळ जातो. २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे, आणि शिरोलीजवळ हायवेच बंद झाला. तेव्हा मी आयसीयूत होते, पुण्याकडं रेफर करायची वाटच उरली नव्हती, त्या दिवसांत कळलं की उजळाईवाडी किती लाखमोलाची आहे आणि तिथपर्यंतचा रस्ता त्याहून जास्त.

ऑस्ट्रेलियात हे काम १९२८ पासून चाललंय, जॉन फ्लिन नावाच्या एका पाद्रीबाबांनी क्लॉनकरी गावातून सुरू केलं. पण मला त्यात विमानापेक्षा दुसरं भावलं, १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायानं पॅडल मारून चालणारा रेडिओ बनवला, आणि पुढं लांबलांबच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या, प्रत्येक औषधाला नंबर, डॉक्टर लांबून सांगणार अमुक नंबरचं दे. आणि तिथल्या फ्लाइट नर्सना बहुतेक ठिकाणी बाळंतपणाचंही शिक्षण असावं लागतं. म्हणून माझा सल्ला, फक्त आयसीयू करू नका, सहा महिने तरी लेबर रूम करा. आयसीयू किंवा कॅज्युअल्टी किमान ३ वर्षं, बीएलएस-एसीएलएस (हृदय-श्वास बंद पडल्यावर जीव वाचवायचे कोर्स) चालू असलेलं, लहान मुलांसाठी तसाच पीएएलएस, आणि हिंदी-इंग्लिशमध्ये फोनवर पेशंटची माहिती दोन मिनिटांत नीट सांगता येणं, एवढं असेल तर दार उघडतं.

पैशाचं बोलायलाच पाहिजे. एका फेरीचे लाखांत जातात, मी माणसं शेत गहाण टाकून आलेली बघितलीत. कुणी फोनवर अॅडव्हान्स घेऊन विमानच न पाठवणारेही भेटले. घरच्यांनी विचारलं, सिस्टर नेऊन उपयोग होईल का, तर डॉक्टरांना त्यांच्यासमोर उभं करा आणि खरं बोलायला लावा. पुढच्या हॉस्पिटलचा बेड पक्का, तिथल्या डॉक्टरचं नाव कागदावर, हे झाल्याशिवाय पेशंट हलवायचाच नाही.

त्या ट्रॉलीवाल्या पोराची आई. विमानात घरचं एकच माणूस घेता येत होतं, थोरला भाऊ चालला. ती माउली गेटवर माझा हात धरून म्हणाली, एवढं अंबाबाईचं कुंकू आन् जोतिबाचा गुलाल त्येच्या उशाला ठेवा. गुलाल सुटा ठेवला तर ऑक्सिजनच्या झोतात उडणार, म्हणून मी दोन्ही पुड्या सॅम्पलच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये घालून सील केल्या आणि तिच्यासमोर त्याच्या दंडाला टेपनं चिकटवल्या. मॉनिटरची वायर पाऊचच्या दोन बोटं खालून जात होती. आक्का, आता कुठं पडत नाही, म्हटलं.

मुंबईत हँडओव्हर गेटवर करायचा नाही, आयसीयूच्या बेडपर्यंत जायचं. किती वाजता काय दिलं, वर असताना सॅच्युरेशन किती होतं, नळीतून किती आलं, सगळं लिहिलेला कागद तिथल्या सिस्टरच्या हातात द्यायचा आणि तिच्यासमोर वाचून दाखवायचा. मी पाऊचचंही सांगितलं, दंडावर आहे ते काढू नका, आईचं आहे. तिनं मान हलवली आणि कागदाच्या खाली तेवढं लिहून घेतलं. मग मी खाली आले, भावाला चहा पाजला, आणि गाडीत बसल्या-बसल्या सिलिंडरचा काटा बघितला, कारण दुसरा कॉल आला होता.