बँकॉकमध्ये शाकाहारी जेवण मागायचं कसं

नवीन आलेल्यांना पहिलं सांगते, नुसतं 'व्हेज' म्हणू नका, गाडीवरच्या मावशी मटण-चिकन काढतात पण नाम प्ला म्हणजे फिश सॉस घालतातच, कारण तो त्यांच्यासाठी आपल्या मिठासारखा असतो. शब्द लक्षात ठेवा 'जे'. 'किन जे' म्हटलं की मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद, कांदा-लसूणपण नाही, म्हणजे आपल्या चातुर्मासवाल्यांची छान सोय होते. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ती 'जे'वाली गाडी, साधारण ऑक्टोबरमध्ये 'जे' उत्सवाचे नऊ दिवस असतात तेव्हा तर गल्लोगल्ली दिसतात.

सोमतम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, ती खलबत्त्यात आपल्यासमोरच कुटतात, तेव्हा तिथेच उभं राहायचं, मावशींचा हात बाटलीकडे गेला की लगेच 'माय साय नाम प्ला', म्हणजे फिश सॉस घालू नका, म्हणायचं, आणि सुकट म्हणजे 'कुंग हेंग' पण नको सांगायचं. मिरची किती ते त्या बोटांवर विचारतात, आपण कितीही कोल्हापुरी असलो तरी पहिल्यांदा एकच सांगा, प्लीज. वाक्याच्या शेवटी अदबीने बाईने 'खा' म्हणायचं, पुरुषाने 'ख्रप', एवढ्याने समोरचा माणूस लगेच हसून बोलतो.

डाळी, पोहे, हिंग हवं असेल तर फाहुरातला जा, तिकडचं लिटल इंडिया. गुरुद्वाऱ्यात लंगरही मिळतो, घरची फार आठवण आली की मी तिथेच जाऊन बसते.