एक कॉम्प्युटर, दोन अकाउंट : या चुका टाळा

चोपड्याला आमच्या केळीच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच. दुपारपर्यंत तात्या बसतात, नंतर मी. अकाउंट दोघांची वेगळी. तरीही एका संध्याकाळी त्यांचा तीन गाड्यांचा हिशोब माझ्या हातून गेला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तात्या म्हणाले, "मनी फाईल कोठे गई रे भो?" (माझी फाईल कुठे गेली रे भाऊ?)

झालं असं, की तात्यांनी स्टार्ट मेनूतून फक्त युजर बदलला होता, साइन आउट केलं नव्हतं. त्यांची एक्सेल फाईल मागे उघडीच होती, तीही सेव्ह न केलेली. मी घरी निघताना शटडाउन दाबलं. दुसरं कोणी अजून हा पीसी वापरतंय, त्याचं काम जाऊ शकतं, असं विंडोजने इंग्रजीत विचारलं. असल्या सूचना वाचतो कोण? मी दाबून मोकळा. एक्सेल मूळ सेटिंगप्रमाणे दर 10 मिनिटांनी ऑटोरिकव्हर करतं, म्हणजे चालू कामाची प्रत आपोआप ठेवतं, म्हणून दोन गाड्या परत मिळाल्या. तिसरीची वजनं काट्याच्या पावत्या शोधून पुन्हा टाकली, तीही मीच.

म्हणून आता दिवसाचं काम संपलं की साइन आउट. चहाला उठायचं असेल तर विंडोज आणि एल एकदम दाबून नुसतं लॉक. मागे कोणाचं अकाउंट उघडं राहिलंय हे बघायला टास्क मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) 'युजर्स' टॅब आहे. कोणाच्या अकाउंटने किती मेमरी धरलीय तेही तिथे दिसतं. जुन्या 4 जीबीच्या मशीनवर दोघांचं क्रोम उघडं राहिलं की सगळं का रखडतं, ते तिथे कळतं.

सामायिक फाईल 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवा, तो सगळ्या अकाउंटना दिसतो. एकाचा डेस्कटॉप दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे "फाईल डिलीट झाली" ही बोंब बहुतेक वेळा खोटी असते. तीच फाईल 'रीड ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडली, तर दुसऱ्या अकाउंटवर ती उघडी आहे का ते आधी बघा. तिची कॉपी करून काम सुरू केलंत, तर दोन हिशोब तयार होतात.

आणि पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल, तर कीबोर्ड मराठीवर राहिला असेल. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजी करा, कॅप्स लॉकही बघा. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं की काय टाईप झालंय ते दिसतं. तात्या मात्र आधी खोलीत कोण आहे ते बघून मगच ते दाबतात.